बारीपाडा आणि पाड्यांचा प्रश्न

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या हमरस्त्याने साक्री गाठणाऱ्या प्रवाशास जो मुलूख दिसतो, तो कान आणि पांझरा या नद्यांच्या काठचा, कांद्याच्या चाळींचा, बाजरी-कापसाच्या शेतांचा आणि टेकड्यांच्या माथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांचा मुलूख असतो. परंतु याच तालुक्याच्या पश्चिमेस, पिंपळनेर ओलांडून जमीन चढू लागल्यावर जेथे अहिराणी मागे पडते, कोकणा आणि भिल्ल लोकांच्या बोली कानी येऊ लागतात आणि सह्याद्रीच्या उत्तरेकडील रांगा डांगच्या अरण्यास जाऊन भिडतात, त्या भागाची ओळख खुद्द साक्रीच्या बाजारपेठेतील पुष्कळांस नसते. तेथली वस्ती गावांची कमी आणि पाड्यांची अधिक. एखाद्या महसुली गावाच्या नावाखाली चार-पाच पाडे मोडतात, एक टेकडीच्या कुशीत, दुसरा नाल्यापलीकडे, तिसरा थेट गुजरातच्या हद्दीला टेकलेला. आणि सरकारी दप्तरात पुष्कळदा त्यांस स्वतंत्र नाव नसते, स्वतंत्र नकाशा तर त्याहून क्वचित असतो. या पाड्यांनी आपले रान, आपले पाणी आणि आपली माणसे कशी राखावीत, आणि त्यांना ती राखता यावीत म्हणून तालुक्याच्या कचेरीने व राज्याच्या कायद्याने काय करावे, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे या ना त्या रूपाने उभा आहे. त्याचा आढावा घ्यायचा तर बारीपाड्यापासून आरंभ करणेच उचित ठरेल. कारण सुमारे शंभर उंबरठ्यांच्या या वस्तीने त्या प्रश्नाचे एक उत्तर प्रत्यक्ष जगून दाखविले आहे.

मात्र त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे. इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अंमल संपून खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा डोंगराच्या धारेवरील भिल्ल नाईकांस काबूत आणणे हाच नव्या राज्यकर्त्यांपुढचा पहिला प्रश्न होता. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारून तो बऱ्याच अंशी मार्गी लावला. दुसरा प्रश्न लाकडाचा होता. डांगच्या राजांकडून जंगलाचे पट्टे १८४० च्या दशकात करारावर घेण्यात आले, आणि पुढे १८७८ च्या वनकायद्याने अरण्याचे राखीव व संरक्षित असे वर्ग पडून ज्या टेकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या नागली-वरई पिकत होती त्या टेकड्यांवर सरकारी हद्दीचे दगड उभे राहिले. त्या काळच्या कागदपत्रांत आजच्या साक्री तालुक्याचा उल्लेख पिंपळनेरच्या नावाने येतो, आणि त्यातील डोंगराळ भागाचे वर्णन रोगट हवेचा, विरळ वस्तीचा, परंतु इमारती लाकडाने समृद्ध असा प्रदेश अशा थाटाचे असते. माणसांपेक्षा सागाचा हिशेब अधिक काळजीने ठेवला गेला, असे ती कागदपत्रे चाळणारास वाटल्यावाचून राहात नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, स्वराज्य आले, महाराष्ट्र झाला, १९९८ मध्ये धुळ्यापासून नंदुरबार वेगळा निघाला. हद्दी अनेकदा बदलल्या, पण पाड्यावरील माणसाचे वनखात्याशी असलेले नाते मात्र फारसे बदलले नाही. आपल्या वाडवडिलांच्या वहिवाटीच्या जमिनीवर तो अतिक्रमणदार ठरला, आणि ज्या रानावर आपला हक्क नाही ते राखण्याचे कारणही त्याला उरले नाही.

या दुराव्याचा परिणाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांना दिसू लागला. ठेकेदाराने नेले ते लाकूड गेले, चोरून तोडले ते गेले, आणि राहिलेले गरजेपोटी गेले. १९७२ च्या दुष्काळाने तर डोंगरउतार उघडे पडण्याचा वेग आणखी वाढविला. येथील भूस्तर काळ्या पाषाणाचा, वर मुरमाचा पातळ थर. झाडांची मुळे आणि पाचोळा असेपर्यंत तो पावसाचे पाणी धरून ठेवतो, ते आवरण गेले की मृगातला जोराचा पाऊस नाल्यांतून तासाभरात वाहून जातो. त्यामुळे धुळे शहरापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात, पांझरेसारख्या नदीचा ज्या डोंगरांत उगम होतो त्याच डोंगरांत, होळीनंतर बायांना हंडाभर पाण्यासाठी दूरच्या झऱ्यापर्यंत पायपीट करावी लागे, ही विपरीत स्थिती निर्माण झाली. पावसाळ्यातले एक भाताचे वा नागलीचे पीक घरात आले, की दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या फडावर जात, आणि आखाजीच्या सुमारास परतत. नवरा ऊस तोडी, बायको मोळी बांधी, आणि या जोडप्याची गणना मुकादमाच्या वहीत एक कोयता अशीच होई. दक्षिण गुजरातेतील ऊसतोडीचा अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी खानदेशातून येणाऱ्या या मजुरांविषयी विस्ताराने लिहिले आहे. त्यांच्या लेखनामुळे साक्री-नवापूरच्या डोंगरांतील माणसांची हलाखी परदेशांतील ग्रंथालयांत पोचली. आपल्या जिल्ह्यात तिची तितकी चर्चा झाल्याचे आढळत नाही.

बारीपाडाही याच अवस्थेत होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे जे घडू लागले, त्याचे श्रेय सामान्यतः चैत्राम पवार यांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेला हा तरुण शहरातील नोकरीचा मार्ग सोडून स्वतःच्या पाड्यावर राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्याशी आणि डॉ. आनंद फाटक यांच्याशी त्याचा संबंध आला, आणि रान, पाणी, शेती व शाळा ही चार कामे एकत्रच हाती घेतली पाहिजेत ही दृष्टी त्यातून आकारास आली. परंतु पुरस्कारांच्या वृत्तान्तांत एका व्यक्तीचे चित्र ठळक होते आणि तिच्याभोवतीची बैठक पुसट होते, हे या प्रसिद्धीचे न्यून आहे. बारीपाड्याचे रान बैठकीतून उभे राहिले, आणि या लेखाचा सारा भर त्या बैठकीवरच आहे. रात्री जेवणखाण आटोपल्यावर लोक एकत्र बसले. कोणता डोंगर राखायचा ते ठरले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरली. राखण करणारे ठरले. आणि नियम मोडणारासाठी १,०५१ रुपयांचा दंड ठरला. तोड करणाऱ्याची खबर देणारास ५०१ रुपये बक्षीस देण्याचेही ठरले. मोलमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास हजार रुपयांचा दंड त्या काळी किती जड होता हे ध्यानात घेतले, म्हणजे हा आकडा ठरविताना लोकांनी स्वतःलाच केवढे बांधून घेतले ते कळते.

दंडाच्या या लहानशा तरतुदीचा अधिक विचार व्हावयास हवा. वनरक्षकाने पकडलेला माणूस न्यायालयात जातो, वर्षे जातात, पुरावा विरतो, आणि दरम्यान तो माणूस आणि ते खाते यांच्यातील वैर तेवढे वाढते. पाड्याच्या बैठकीत मात्र ज्याने तोड केली तो आणि ज्याने पाहिले तो, दोघेही एकाच विहिरीवर पाणी भरणारे, एकाच लग्नात जेवणारे असतात. तेथे नाकबूल होता येत नाही, आणि दंड भरून झाला की माणूस पुन्हा आपल्यांत बसतो. नियम ज्यांनी केला त्यांच्यावरच तो चालत असल्यामुळे तो जाचक झाला तर बदलताही येतो, आणि सैल झाला तर त्याची झळ सर्वांस लागते. बाहेरगावचे लोक लाकडासाठी येत त्यांना अडविताना तंटे झाले असतील, हे उघड आहे. परंतु आपल्या लोकांना आधी आवरल्यावाचून परक्याला अडविण्याचा अधिकार पोचत नाही, ही जाण त्या क्रमात दिसते. योगायोगाने याच सुमारास सरकारी धोरणही वळण घेत होते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्थानिकांच्या गरजांना अग्रक्रम दिला होता, जून १९९० मध्ये केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले होते, आणि १९९२ मध्ये महाराष्ट्राने त्याला अनुसरून निर्णय केला. त्यामुळे पाड्याने आपल्या मनाने आरंभिलेल्या राखणीला पुढे समितीचे अधिकृत रूप मिळू शकले. सुमारे ४०० हेक्टर रान या रीतीने राखले गेले. ओघळींत दगडांचे बांध श्रमदानाने रचले गेले, उतारांवर चर खोदले गेले, आणि जमिनीत मुरलेले पाणी काही वर्षांत विहिरींतून वर आले.

पाणी आल्यावर शेती पालटली. केवळ पावसावरच्या हलक्या भाताच्या जागी इंद्रायणीसारखा सुवासिक तांदूळ आला, चारसूत्री पद्धतीने लागवड होऊ लागली, रब्बीचे पीक आणि भाजीपाला शक्य झाला, आणि ऊसतोडीस जाणे थांबले. मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर न जाता शाळेत राहू लागली. शाळेत मूल न पाठविणाऱ्या पालकास दंड करण्याचा नियमही पाड्याने केला. पहिल्या नियमातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा निघण्याची ही क्रिया मला या साऱ्या वृत्तान्तात सर्वांत मोलाची वाटते. कारण झाडे वाढण्यापेक्षाही निर्णय करण्याची सवय वाढणे अवघड असते.

२००४ पासून बारीपाड्यात पावसाळ्यात वनभाज्यांचा जो मेळा भरतो, त्याचा उल्लेख येथे थोड्या विस्ताराने करावासा वाटतो. आसपासच्या पाड्यांवरील बाया रानातून खुडून आणलेली भाजी शिजवून मांडतात आणि तिच्याजवळ ती वनस्पती कच्च्या स्वरूपात ठेवतात. कुरडू, टाकळा, करटोली, चाई, भोकर, बांबूचे कोवळे कोंब, अशी ही मांडणी असते. त्यांपैकी कित्येक भाज्या रांधण्यास नुसती चूल पुरत नाही, विद्या लागते. शेवळं नीट न शिजविली तर घशास खाज सुटते, म्हणून त्यांत आंबट घालावे लागते. बांबूचे कोंब चिरून पाण्यात ठेवल्याविना त्यांचा कडवटपणा जात नाही. आणि कडूकंद तर कच्चा खाल्ल्यास विषारी, म्हणून त्याच्या पातळ चकत्या उकडून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवाव्या लागतात, मग तो पोटात घालण्याजोगा होतो. कोणत्या नक्षत्रात काय उगवते, किती खुडावे म्हणजे वेल पुढच्या साली पुन्हा फुटेल, कोणते पान बाळंतिणीला द्यावे आणि कोणते देऊ नये, हे ज्ञान कोणत्याही खात्याच्या वहीत नसून त्या बायांच्या हातांत आहे. आणि रान उजाड झाले असते तर ते एका पिढीत लुप्त झाले असते. राखलेल्या अरण्याचे मोजमाप हेक्टरांत व झाडांच्या संख्येत होते. त्याबरोबर ते अशा शिजवलेल्या पानांतही व्हावयास हवे.

बारीपाड्याला मान्यता मिळत गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने त्याची दखल घेतली, राज्याचा वनभूषण पुरस्कार पवार यांना मिळाला, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

वस्तीने स्वतःच नियम करून रान राखण्याचा हा अनुभव एकट्या साक्रीचा नाही, आणि तो एकटा समजला तर त्याचे महत्त्वही नीट कळणार नाही. इंडोनेशियाच्या मलुकू द्वीपसमूहात, लवंग-जायफळाच्या व्यापारासाठी डचांनी ज्या बेटांचा ताबा घेतला त्यांपैकी हारुकू या लहानशा बेटावर, सासी नावाची परंपरा आहे. ठराविक काळ समुद्राचा एखादा भाग, नदीचे मुख वा नारळ-बागा बंद म्हणून जाहीर होतात. त्या काळात तेथून कोणी मासा वा फळ घ्यावयाचे नाही. गावाने नेमलेले केवांग नावाचे राखणदार पहारा ठेवतात आणि मोडणारास दंड करतात. नंतर ठरल्या दिवशी बंदी उठते व सारे गाव मिळून वाटा घेते. या राखणीबद्दल हारुकूच्या केवांगांना १९८५ मध्ये इंडोनेशिया सरकारचा कल्पतरू पुरस्कार मिळाला. साक्रीच्या डोंगरावरील कोकणा आणि हारुकूच्या किनाऱ्यावरील कोळी यांनी परस्परांचे नावही ऐकले नसेल. तरी दोघांचे नियम इतके मिळतेजुळते यावेत, याचे कारण लहान वस्तीच्या स्वभावात शोधावे लागते. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामायिक मालमत्ता अखेर उजाडच होते असा सिद्धान्त मांडला, आणि जगातील बहुतेक वनखात्यांना तो आपल्या कारभाराचे समर्थन वाटला असावा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशींची कुरणे, पाटबंधारे आणि मासेमारीची पाणथळे अभ्यासून १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की जेथे हद्द सर्वांना ठाऊक असते, नियम वापरणारेच करतात, राखणदार त्यांच्यापैकीच असतो, दंड अपराधाच्या मानाने वाढतो आणि वरचे सरकार या व्यवस्थेत अकारण ढवळाढवळ करीत नाही, तेथे सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी सांगितलेल्या या अटींपैकी जवळजवळ प्रत्येक अट बारीपाड्याच्या बैठकीने त्या ग्रंथाचे नाव न ऐकताच पुरी केली होती.

वरच्या सरकारने ढवळाढवळ न करण्याची शेवटची अट मात्र पाड्याच्या हातची नाही, आणि प्रश्नाची खरी गाठ तेथे आहे. संयुक्त वनव्यवस्थापनात रान सरकारचेच राहते. समिती राखण करते, खाते तिला वाटा देते, आणि अधिकारी बदलला की समितीचे दिवसही बदलू शकतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने हे नाते मुळातून बदलण्याची वाट उघडली, कारण त्यात ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्कच मानला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवरील आपला सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेकडे घेतले. पलीकडे इंडोनेशियातही घटना-न्यायालयाने मे २०१३ मध्ये परंपरागत समुदायांची वने ही सरकारी वने नव्हेत असा निर्णय दिला. साक्रीच्या पश्चिम पट्ट्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्यामुळे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदाही तेथे लागू आहे, म्हणजे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा मान्य होण्यास कायद्याची अडचण नाही. अडचण असते ती दाव्याच्या कागदांत, मोजणीच्या नकाशात, पुराव्याच्या दाखल्यांत आणि उपविभागीय कचेरीच्या खेपांत. मजुरी बुडवून खेपा घालणारास यांतील एकेक पायरी डोंगर चढण्याइतकीच दमविणारी असते. वैयक्तिक शेतीच्या पट्ट्यांकडे जितके लक्ष गेले तितके सामूहिक हक्काकडे गेले नाही, आणि त्याचा दोष केवळ सरकारचा नाही. संघटनांनीही आपली शक्ती बहुधा पहिल्याच कामात वेचली.

बारीपाड्याचा गौरव करताना आणखी एका गोष्टीची जाणीव ठेवणे अगत्याचे वाटते. त्याला आदर्श म्हणून इतर पाड्यांपुढे ठेवणे सोपे आहे, परंतु त्यामुळे अप्रत्यक्षपणे असे सुचविले जाते, की इतरांनी केले नाही ते आळसाने वा अज्ञानाने. वस्तुस्थिती तशी नाही. एका पाड्याजवळ राखण्याजोगा उतार असतो, दुसऱ्याजवळ तो धरणाखाली वा प्रकल्पाखाली गेलेला असतो; एकात एकच जमात व जवळची नाती असतात, दुसऱ्यात तीन जमातींचे जुने हेवेदावे; एका पाड्यावर शिकलेला माणूस परत येऊन राहतो, दुसऱ्यावरून तो नाशिक-सुरतेकडे जातो आणि त्यास जाण्यावाचून गत्यंतर नसते. बायांचे स्थानही सर्वत्र सारखे नाही. पाणी व सरपण यांचा भार त्यांच्यावर असतो, म्हणून नियमाचा पहिला ताप त्यांनाच होतो. त्या बैठकीत मागे बसणार असतील तर रानबंदीचा अर्थ त्यांना दूरचे सरपण एवढाच उरतो. नियमांची यादी एका पाड्याहून दुसऱ्या पाड्यावर नेता येईल. ती जिच्यातून निघाली ती बैठक मात्र प्रत्येक पाड्याला स्वतःच भरवावी लागते, आणि तिला वर्षे लागतात.

याच तालुक्यातील आणखी एका पाड्याचे नाव साऱ्या देशाने ऐकले, ते मात्र भीषण कारणाने. १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या समाजमाध्यमांवरील अफवेवरून, राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्या अमानुष कृत्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही, आणि आढाव्यात ते वगळणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. मोबाइल पोचला तेथे विश्वासाची बातमी देणारा शिक्षक, तलाठी, पोलीस पाटील वा आरोग्यसेविका तितक्याच वेगाने पोचली नव्हती, आणि परक्या माणसाविषयीचे भय शमविणारी एकही व्यवस्था त्या दिवशी उपयोगी पडली नाही. पुरस्कार किंवा हत्याकांड, या दोनच प्रसंगी पाडा बाहेरच्या जगाच्या दृष्टीस पडावा आणि मधली सारी वर्षे अदृश्य राहावा, ही स्थिती त्या दोन्ही घटनांइतकीच विचारात घेण्यासारखी आहे.

पुढील काळात या पट्ट्यात काय व्हावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. प्रत्येक पाड्याची नोंद त्याच्या स्वतःच्या नावाने दप्तरात व्हावी, आणि पेसा कायद्याखाली त्याची ग्रामसभा पाड्यावरच भरावी. सामूहिक वनहक्काचे दावे तयार करण्यास लागणारे नकाशे व जुन्या वहिवाटीचे दाखले लोकांनी शोधीत फिरण्याऐवजी तहसील व वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी पाड्यावर जाऊन पुरवावेत. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवासाठी मार्गशीर्षात पुष्कळ माणसे पाड्यांवर असतात, तो काळ या कामास सोयीचा आहे, मात्र उत्सवाचे दिवस सोडून. रोजगार हमीची कामे, विशेषतः ओघळींतील बांध व चर, ग्रामसभेने ठरविलेल्या जागी दिवाळीनंतर लगेच सुरू व्हावीत, कारण मुकादमाची उचल त्याच दिवसांत दारात येते आणि काम महिनाभर उशिरा निघाले तर कुटुंब तोवर फडावर पोचलेले असते. बारीपाड्याच्या राखणदारांनी व तेथील बायांनी शेजारच्या पाड्यांवर जाऊन आपली बैठक कशी बसली, कोठे मोडली आणि पुन्हा कशी बसली हे सांगावे, त्यांच्या त्या दिवसांची मजुरी तालुक्याने द्यावी, आणि ऐकणाऱ्यांत साक्री-पिंपळनेरच्या महाविद्यालयांत शिकणारी पाड्यांवरची मुले-मुली अवश्य असावीत, कारण येत्या वीस वर्षांत दाव्यांचे कागद वाचण्याचे आणि बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम त्यांच्याच हाती येणार आहे.